बादल्या धुण्याची वेळ

सकाळी डोळे उघडले की नवरा आधी विचारायचा, "कशी आहे ती?" आणि मला उलट विचारावं लागायचं, "कोण? तुझी लेक, का माझी टाकी?" कारण आमच्या घरात दोघींच्या तब्येतीची चौकशी सारख्याच काळजीनं व्हायची. दोघींना वेळेवर भरवायचं, दोघींचं पोट सांभाळायचं. फरक एवढाच, की लेकीच्या पोटातला वारा सरला की आम्ही हुश्श करायचो आणि टाकीच्या पोटातला वारा सरला की इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली शेगडी विझायची.

टाकी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, झाडांखाली. जमिनीत पुरलेलं सिमेंटचं गोल पोट आणि त्यावर उलट्या वाटीसारखा तरंगणारा लोखंडी घुमट. आत गॅस साठला की घुमट वर उचलला जातो, वापरला की खाली बसतो. पोट भरलंय का रिकामं ते लांबूनच कळतं. वॉर्डावॉर्डांतलं उरलेलं अन्न बादल्यांतून माझ्याकडे यायचं. अर्धवट खाल्लेला भात, सुपात भिजून फुगलेला पाव, फळांची सालं, अंड्यातला पिवळा भाग तेवढा टाकून दिलेला. आजारी माणसाला खाववत नाही आणि त्याच्या माणसांना टाकवत नाही, म्हणून ताट बराच वेळ उशाशी तसंच राहतं आणि मग येतं. त्यातून मी चमचे, कापूस, गोळ्यांची रिकामी पाकिटं वेचून काढायची, उरलेलं दळायची, पाण्यात कालवून टाकीच्या तोंडात ओतायची. आत अंधारात डोळ्यांना न दिसणारे जीव ते खायचे आणि गॅस सोडायचे. तो नळीतून स्वयंपाकघरात जायचा आणि त्याच आजाऱ्यांसाठी त्यावर दूध तापायचं. उरलेला काला दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचा. माळी त्याची वाट बघत उभा असायचा, झाडांना घालायला.

"तुझ्याकडे काही वाया जात नाही बघ," मोठा आचारी म्हणायचा. "माझ्याकडे माझा सगळा स्वयंपाक वाया जातो."

टाकी बसवून देणाऱ्या कंपनीचे साहेब अधूनमधून बघायला यायचे. मला काम शिकवलं तेही त्यांनीच. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "अन्न कुठंही टाका, ते सडणारच. सडलं की हा गॅस होणारच. इथं झाकणाखाली होतो म्हणून त्यावर दूध तापतं. तिकडे डोंगरावर उघड्यावर होतो, तो सरळ आभाळात जातो आणि सगळ्या जगाला ताप आणतो. गॅस तोच. फक्त झाकणाचा फरक."

डोंगर मला समजावून सांगायची गरज नव्हती. शहराचा सगळा कचरा जिथं पडतो त्या ढिगाला आम्ही डोंगर म्हणतो, आणि आम्ही त्याच्या पायथ्याशी राहत होतो. उन्हाळ्यात तो आतल्या आत पेटायचा. काडी कुणी लावलेली नसायची. धूर वर न जाता जमिनीला धरून सरपटत यायचा, दाराखालून आत शिरायचा. माझी लेक तिथं जन्मली. तान्ही होती तेव्हापासून श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. नवऱ्यानं तिचं नावच शिट्टी ठेवलं. गोष्ट हसण्यावारी नेली की ती लहान होते, असं त्याला वाटतं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तिला तपासून म्हणाल्या होत्या, "औषध मी देईन. हवा कुठून देऊ?"

मग हे काम मिळालं आणि कामाबरोबर हवाही. गॅसच्या टाकीपाशी कुणीतरी कायम असावं असा नियम होता, म्हणून तिला लागून असलेली पंपाची जुनी खोली आम्हाला राहायला मिळाली. खोली कसली, पंप काढल्यावर उरलेली जागा. जमिनीत अजून बोल्ट वर आलेले होते, त्यावर नवऱ्यानं पाट ठोकला आणि तो आमचा ओटा झाला. पण खिडकी झाडांकडे होती. तिथं आल्यावर शिट्टीची शिट्टी हळूहळू विरत गेली. नाव तेवढं राहिलं. ती निजली की मी तिच्या पाठीला कान लावून ऐकायची. आत नुसता श्वास, दुसरं काही नाही. इतकं सुंदर काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

टाकी चालू तोवर खोली, आणि खोली तोवर तो श्वास. असं साधं होतं सगळं.

सासूबाई आमच्याबरोबरच. त्यांची उभी हयात याच इस्पितळात आया म्हणून गेली. फिनेलनं त्यांच्या तळहातांच्या रेषा पुसट झाल्यात. त्यांच्या कपड्यांना, केसांना, उशीच्या अभ्र्याला सगळ्याला फिनेलचा वास. मला तो फिनेलचा वाटायचाच नाही, सासूबाईंचा वाटायचा. शिट्टीलाही तसंच. कितीही रडत असली तरी आजीच्या खांद्यावर नाक घासलं की गप्प. बाकी माझं नाक टाकीपाशी काम करून केव्हाच संपावर गेलं होतं. मला दोनच वास यायचे, लेकीच्या टाळूचा आणि टाकीच्या तोंडाचा.

जंतू हा सासूबाईंचा जन्माचा वैरी. त्या त्यांच्याबद्दल भाऊबंदांसारखं बोलायच्या. "आले मेले," "टपलेत नुसते," "यांना घर दाखवायचं नाही." आणि त्यांच्या लेखी मी रोज संध्याकाळी त्यांना घर दाखवत होते.

"अख्ख्या इस्पितळाचं खरकटं चिवडून येतेस आणि तशीच लेकराला घेतेस!"

"आई, हात धुतलेत. साबणानं."

"हात धुतलेस. जीव कुठंय तुझा? जीव अजून बादलीतच आहे."

ते मात्र खरं होतं. मी शिट्टीला छातीशी धरलेलं असायचं आणि मनात घासायच्या राहिलेल्या बादल्या एकीवर एक चढत असायच्या. तिलाही ते कळायचं की काय कोण जाणे, नीट प्यायची नाही. दोन घोट घेऊन मान फिरवून माझ्याकडे बघत बसायची, जणू मी पाहुणी आहे.

मग शिट्टीला जुलाब लागले, ताप चढला. तिला वॉर्डात ठेवावं लागलं. सासूबाई तिच्या खाटेपाशी बसून राहिल्या. इतकी वर्षं लोकांच्या मुलांपाशी बसल्या होत्या, पण या वेळी त्यांचे ओठ सारखे हलत होते. लेक बरी होऊन घरी आली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून संध्याकाळच्या बादल्या मी धुणार."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मग मी बघते त्यांचं. तू अंग धू, कपडे बदल आणि पोरीला घेऊन निवांत बस. बादल्यांपाशी फिरकायचं नाही."

"अहो, पण त्या किती जड..."

"सूनबाई, तुझ्या वयाच्या दुप्पट बेडपॅन धुतलेत मी. बादलीचं काय कौतुक सांगतेस!"

अशी मला संध्याकाळची ती अर्धी घटका मिळाली. तिच्याआधी काय होतं आणि तिच्यानंतर काय असायचं ते सोडा. मध्ये ती होती. खिडकीतून तिरपं ऊन यायचं. शिट्टी एका हातानं माझी वेणी धरून पोटभर प्यायची, पिता पिता स्वतःच्या पायाचा अंगठा शोधायची, सापडला की दचकायची. बाहेर नळाखाली सासूबाईंचा काथ्या बादल्यांवर फिरत असायचा, खर्र खर्र, एका लयीत. त्या आवाजावर ती झोपायची. मीही कधी कधी बसल्या बसल्या झोपायची. लग्न झाल्यापासून कुणी माझ्या वाटचं काम आपणहून हातातून काढून घेतलं नव्हतं. सासूबाई गोड बोलत नाहीत; त्यांनी बादल्या धुतल्या.

बादल्या धुतलेलं पाणी गटारात ओतायचं नाही, टाकीतच ओतायचं, ही आमची पद्धत. कडेला चिकटलेलं शीतही कामाला यावं आणि पाणीही. साहेबांनीच लावून दिली होती. सासूबाईंना ती ऐकताक्षणी पटली. थेंब वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नाही.

आधी ज्योत बदलली. आचारी एका सकाळी टाकीपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तुझ्या लाडकीनं आज दूध तापवायला नकार दिला."

"म्हणजे?"

"म्हणजे पेटते, पिवळी होते, लाजते आणि विझते. माझ्या लग्नात मी असाच होतो, पण मी निदान वयाचं कारण तरी सांगू शकत होतो."

मला हसू आलं नाही. मी घुमटाकडे बघितलं. तो बसला होता. मोठं माणूस दमून पायरीवर बसतं तसा, एका बाजूला किंचित कलून. तोंडाशी वाकले तर नेहमीचा वास नव्हता. आंबूस होता, बाळानं दूध ओकल्यावर गळपट्टीला येतो तसा.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. काल्यात कागदाची पट्टी बुडवली, ती लाल झाली.

"अपचन झालंय हिला. आत आंबट झालंय. अन्न सडतंय, पण गॅस करणारे जीव ढेपाळलेत. काही वेगळं गेलंय का पोटात?"

"नाही. रोजचंच."

"औषधं? कुणी उरलेली औषधं ताटात ओतत असेल. त्यातलं काही काही या जिवांच्या मुळावर येतं."

त्यांनी सगळ्या वॉर्डांत फिरून नर्सबाईंना सांगितलं, औषधाचा एक थेंब ताटात जाता कामा नये. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वेचताना तुमच्या नजरेतून काही सुटलं असेल का?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"साहेब, माझी सून डोळ्यांत तेल घालून वेचते. बादल्या तर मी स्वतः घासते. आरशासारख्या. तुम्ही तोंड बघा त्यात."

साहेब हसले. "आजी, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक टाकीपाशी हवीत."

सासूबाई त्या कौतुकावर आठवडाभर जगल्या असतील.

टाकी उपाशी ठेवायची ठरली. पोट बिघडलेल्याला लंघन, तसंच. थोडा चुना कालवून घालायचा, बाकी काही नाही. त्या दिवसांत बादल्या यायच्या आणि फाटकापाशी उभ्या राहिलेल्या लॉरीत रिकाम्या व्हायच्या. लॉरी डोंगरावर जायची. रिकाम्या बादल्या परत यायच्या आणि संध्याकाळी सासूबाई त्या धुवायच्या; पाणी तेवढं त्या दिवसांत गटारात जायचं. मी टाकीच्या कठड्यावर बसून राहायची. जिला रोज भरवलं तिला समोर बसून उपाशी ठेवणं मला जमत नव्हतं. मी घुमटावर हात ठेवायची. लोखंड, दुसरं काय असणार? तरी ठेवायची.

इस्पितळाच्या व्यवस्थापिका बाई एकदा येऊन बघून गेल्या. वाईट नव्हत्या त्या. नाकाला रुमालही लावला नाही. म्हणाल्या, "हे बघ, मला गॅसचं कौतुक आहे. पण मला रोजचा कचरा रोज उचललेला हवा. साहेबांना एक संधी दिली आहे. चालली तर चालली. नाहीतर लॉरी कायमची लावावी लागेल."

"आणि खोली?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. तिथं शिट्टीची दुपटी वाळत होती. "खोली टाकीची आहे गं," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

साहेबांनी कुठल्याशा गुरांच्या गोठ्यावरच्या चालत्या टाकीतून पिंपं भरून काला आणला. त्यात जिवंत जीव होते, म्हणजे आमच्या टाकीला नवं विरजण. आंबट काला बराचसा उपसून आम्ही तो नवा आत सोडला. पिंपाला हात लावला तर कोमट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच. साहेब म्हणाले, "आता हिला बाळासारखं भरवायचं. थोडं थोडं. घाई नाही."

ते मला येत होतं. मूठभर भातापासून सुरुवात केली. पातळ करून, कोमट पाण्यात. नवरा इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, तिथून सुटला की सरळ टाकीवर यायचा, आणि घुमटाच्या कडेला त्यानं खडूनं रेघ मारून ठेवली होती ती बघायचा. एके दिवशी रेघ पाण्याच्या वर बोटभर आली. तो ओरडला, "उठली! आई, उठली गं!" सासूबाईंना वाटलं शिट्टी उभी राहिली. त्या पळत आल्या, आणि घुमट बघून त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच हसत सुटल्या.

पुढे आचाऱ्यानं आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. शेगडीवर निळी ज्योत होती. लहान, पण निळी, कडेनं गोल. त्यानं त्यावर एकच कप दूध तापवलं आणि कप शिट्टीपुढे धरला. "पहिला मान मालकिणीचा." शिट्टीनं त्यात बोट बुडवलं आणि चोखलं. सगळे हसले. मी ज्योतीकडे बघत होते. त्या रात्री मी लेकीच्या पाठीला कान लावला नाही. लावायची गरज वाटली नाही.

टाकी उठली म्हणून सासूबाईंना हुरूप आला. बादल्या पुन्हा अन्नानं भरून येत होत्या, माझ्यामागे पुन्हा दळण लागलं होतं. त्यांचा काथ्या जास्तच जोरात चालायला लागला, आणि धुतलेलं पाणी पुन्हा टाकीत जायला लागलं.

रेघ पुन्हा पाण्याखाली गेली. आधी मला वाटलं, खडू पुसला गेला. मग ज्योत पिवळी झाली. आचारी या वेळी काही विनोद न करता आला आणि नुसतीच मान हलवली.

त्या संध्याकाळी शिट्टी लवकर झोपली. तोंडात दूध तसंच, ओठांच्या कोपऱ्यातून थेंब ओघळलेला. मी तिला खांद्यावर टाकलं आणि टाकी बघायला बाहेर आले. नळापाशी सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. चार बादल्या पुढ्यात. त्यांनी मांडीआडून एक मोठी बाटली काढली, टोपण उघडलं, आणि टोपणानं न मोजता सरळ बादलीत ओतली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते एका बादलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत घुमवलं, काथ्यानं घासलं, आणि मग कण्हत उठून सगळं पाणी टाकीच्या तोंडात रिकामं केलं. शेवटची बादली उपडी धरून झटकली. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून.

त्यांनी मला बघितलं.

"झोपली? मग तू का उठलीस?"

"आई, ते... काय आहे?"

"फिनेल. वॉर्डातल्या मावश्या देतात मला, जुन्या ओळखीनं." त्यांनी बाटली पुन्हा मांडीआड ठेवली, आणि जरा लाजल्या, चोरून साखर खाताना सापडल्यासारख्या. "तुला सांगितलं नाही, म्हटलं नियमात बसत नसेल मागून आणणं. पण नुसत्या पाण्यानं काय धुतलं जातं? जंतू तसेच राहतात कडेला. ते तुझ्या हाताला, तुझ्या हातून तिच्या तोंडात. ती आजारी पडली ना, तेव्हाच ठरवलं मी. बघ, तेव्हापासून एकदा तरी पोट बिघडलंय का तिचं?"

नव्हतं बिघडलं. शिट्टीचं पोट एकदाही बिघडलं नव्हतं.

मी तिथंच उभी राहिले. त्या अर्ध्या घटकेतलं ऊन, तिनं धरलेली वेणी, तो लयीतला खर्र खर्र, सगळं या बाटलीबरोबर आलेलं होतं. त्या आवाजावर मी झोपले होते. टाकीच्या तोंडातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"पाय दुखत असतील तुमचे," मी म्हणाले. "आत चला. उरलेलं मी बघते."

"बघते कसली! सगळं झालंय. लख्ख."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. खरंच हसला, मोठ्यानं, मग तोंडावर हात घेतला.

"माझं सगळं लहानपण आईनं फिनेलमध्ये धुतलं," तो म्हणाला. "मी जगलो. टाकीला नाही जमलं."

"हळू. ऐकतील."

"सांगायचं नाही?"

"तूच सांग, सांगायचं का."

तो दाराच्या फटीतून आत बघत राहिला. सासूबाई शिट्टीच्या दुपट्याची घडी घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा लावून, वॉर्डातल्या चादरीची घालावी तशी.

"तिला वाटेल तिनं नातीला..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य आमच्या घरात अजून कुणी बोललेलं नाही.

साहेबांना मात्र मी सांगितलं. ते कठड्यावर बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"आरशासारख्या बादल्या," ते म्हणाले. "मीच शाबासकी दिली हो त्यांना. आणि धुतलेलं पाणी आत ओतायचं, तेही मीच सांगितलेलं."

"आता बंद केलं तर? मी परत धुवीन. काहीतरी निमित्त काढून."

"सगळं पोट रिकामं करावं लागेल. घासून, उन्हात ठेवून, नवं विरजण. सुरुवातीपासून. मी बाईंशी बोलतो."

ते गेले तेव्हा मी खिडकीत बसून वाट बघितली. परत आले ते पाय ओढत, चपलांकडे बघत. त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. लॉरी कायमची ठरली होती. बाईंनी म्हणे सगळं ऐकून घेतलं, पण आता लॉरीवाल्याला शब्द देऊन झाला होता, आणि पुन्हा पुन्हा बसणाऱ्या टाकीवर कुणाचा भरवसा उरला नव्हता.

"आजींना सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मीही नाही सांगणार," ते म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

टाकी रिकामी करायच्या दिवशी त्यांनी आधी घुमटावरची चावी उघडली. आत होता नव्हता तो गॅस बाहेर पडला. मोठा आवाज झाला नाही. झोपेत कुणी दीर्घ श्वास सोडावा तेवढाच. काही दिसलं नाही. सगळे वर बघत राहिले, जणू दिसणार होतं. "चालला जगाला ताप आणायला," आचारी म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. विनोद म्हणून काढली असावी, पण परत घातली नाही.

काला माळ्यानं घेतला नाही. साहेबांनीच त्याला नको म्हणून सांगितलं होतं. तो नळीनं मागच्या नाल्यात सोडला. पाणी आधी पांढुरकं झालं, मग काळं. दुसऱ्या सकाळी नाल्याच्या वळणावर बोटाएवढे मासे उताणे पडले होते. मला माहीतच नव्हतं त्या नाल्यात मासे आहेत. शिट्टीला कडेवर घेऊन मी बघत होते, तर तिनं टाळ्या वाजवल्या. त्यांची पोटं चमकत होती म्हणून.

आम्ही डोंगराच्या पायथ्याशी परत आलो. ओळ जुनीच, खोली दुसरी. नवरा धुलाईघरात आता लांबून जातो. मला अजून काम नाही, त्यामुळे शिट्टीला घ्यायला सगळा दिवस मोकळा आहे. इस्पितळाची लॉरी आमच्याच रस्त्यावरून वर चढते. वळणावर तिच्या मागच्या फळीतून थोडं सांडतं. भात, भिजलेला पाव, सालं. मला ते उचलून वेचायला घ्यावंसं वाटतं. चमचा असेल त्यात एखादा.

सामान लावताना सासूबाईंनी सगळ्यांत आधी बाटली काढली. मावश्यांनी निरोपाला दिलेली. "इथं तर जास्तच लागणार," म्हणाल्या आणि गुडघ्यांवर बसून जमीन पुसायला लागल्या. पुसता पुसता विचारलं, "टाकी का गेली गं? कळलं का शेवटी साहेबांना?"

मी खिडकी लावत होते. वारा डोंगराकडून फिरला होता.

"म्हातारी झाली होती, आई."

"हं." त्यांनी फडकं पिळलं. पांढरं पाणी बादलीत पडलं. "वय झालं की आधी पोटच साथ सोडतं. कुणाला बोल लावणार?"

खिडकी लावली तरी धूर येतो. तो कुठून येतो ते शोधायचं आम्ही पहिल्या वेळीच सोडून दिलं होतं. काही दिवस शिट्टीला काही झालं नाही. मग एका संध्याकाळी ती नवऱ्याच्या मांडीवर खेळत होती. त्यानं एकदम तिला उचलून कानापाशी धरलं.

"पोरगी नावाला जागली," तो म्हणाला. या वेळी गोष्ट लहान झाली नाही.

सासूबाई फडकं टाकून उठल्या. त्यांनी तिचं कपाळ बघितलं, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. पोट छान होतं.

"जंतू नाहीत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच एक प्रश्न होता, ज्याचं उत्तर बाटलीत नव्हतं. "मग कशानं गं?"

मी खिडकीची कडी पुन्हा दाबून बघितली. त्यांनी शिट्टीला माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्या खांद्यावर दुपटं टाकलं आणि भांड्यांची टोपली ओढून घेतली.

"तू घे तिला जवळ. निवांत बस. बाकीचं मी बघते."

बाहेर काथ्याचा आवाज सुरू झाला, खर्र खर्र, त्याच लयीत. शिट्टीनं माझी वेणी धरली. मी तिच्या पाठीला कान लावला. आत श्वासाच्या मधोमध दुसरा आवाज होता, बारीक, लांब. भांडी संपेपर्यंत मी तो ऐकत राहिले.